वाक्य पडू द्यायचं नाही

११ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच ठेवून देशील, या भीतीने पत्ता शेजारच्या काकूंकडून लिहून घेतलाय. ही लबाडी झाली. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तरी तू खरं मानशील.

फोन करत नाही, कारण या घरातला आवाज कानावर नको, असं तू आईला बजावलं होतंस. पत्राला आवाज नसतो. 'घरी ये' असंही म्हणत नाही. मला फक्त एक वाक्य कुठलं आहे ते हवंय.

बाबांच्या मेंदूत गुठळी झाली होती, हे मामाने तुला कळवलं असेल. हात बराच सुटलाय, काठी घेऊन चालतात. पण बोलणं गेलं. गेलं म्हणजे कसं ते नीट सांगते, कारण 'गेलं' म्हटलं की लोकांना मुकेपणा वाटतो. बाबांना स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही. तहान लागली तर 'पाणी' म्हणता येत नाही. पण त्यांनी लिहिलेली वाक्यं अख्खीच्या अख्खी बाहेर येतात, अभिनयासकट. तहान लागली की ते खुर्चीत ताठ बसून कडाडतात, "या सरकारी माठाला तळ आहे की नाही?" हे त्या कारकुनाच्या नाटकातलं. मग आई पाणी आणते. झोप आली की म्हणतात, "चला, सासूबाईंची पाळी संपली." डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, पाठ झालेलं मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात राहतं.

आपल्या घराला हे इतरांपेक्षा सोपं जायला हवं होतं. चहा झाला की टेबलावर नवा प्रवेश वाचायचा, भूमिका वाटून द्यायच्या, आणि जे वाक्य घरात अडखळेल ते बाबा तिथेच खोडणार. दम्यामुळे मला शाळेत उशिरा घातलं, तोवर माझी शाळा म्हणजे तेच टेबल. मी वाचलेला पहिला शब्द कंसातला होता: (जाते). आणि घरचा कायदा तुला ठाऊकच आहे. कुणी नाटकातलं वाक्य टाकलं की दुसऱ्याने लगेच पुढचं द्यायचं. वाक्य पडू द्यायचं नाही.

आता बाबा वाक्य टाकतात, आम्ही पुढचं देतो, आणि त्यांचा चेहरा निवतो. पुढचं मिळालं नाही तर ते तेच वाक्य पुन्हा म्हणतात, पुन्हा म्हणतात, आवाज चढतो, मानेची शीर फुगते.

आणि अलीकडे एक वाक्य असं आलंय की त्याचं पुढचं कुणालाच माहीत नाही. संध्याकाळ झाली की माझं मनगट घट्ट धरतात आणि दबक्या आवाजात म्हणतात, "खालच्या पायरीवर पाणी आहे, जपून." आई म्हणते हे कुठल्याच नाटकात नाही. मी घरातल्या सगळ्या संहिता पालथ्या घातल्या. तुझ्या लहानपणीच्या एकांकिका मात्र इथे नाहीत, आधीच्या घरात ओल लागून गेल्या. त्या फक्त तुला पाठ असतील. शाळेच्या गणवेशात विंगेत बसून तू प्रॉम्प्टिंग करायचीस, असं आई सांगते.

वाक्य एकांकिकेतलं असेल तर ठीक. नसेल तर बाबांना खरंच काहीतरी सांगायचंय आणि आम्ही नुसते बघत बसलोय. म्हणून मी रोज जिना उतरून खालची पायरी बघून येते. कोरडी असते. "काय हरवलंय गं?" तळमजल्यावरच्या बाई विचारतात. काय सांगू?

बाबांनी उद्या 'छातीत कळ येतेय' म्हटलं तर आम्ही आधी पाणी देणार, की पुढचं वाक्य?

तुझी,
शेपूट


२७ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही, मध्ये दीड ओळ: 'पहिली एकांकिका. म्हातारा पहारेकरी. पुढचं वाक्य: मला दिसतंय, काका.'

त्या संध्याकाळी बाबांनी मनगट धरलं तेव्हा मी म्हटलं, "मला दिसतंय, काका." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू फार दिवस दार वाजवत होते आणि आता कुठे कुणी उघडलं. मनगट सोडलं. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मोठीला बरं लक्षात राहिलं." मग स्वतःच्याच बोलण्याला घाबरून स्वयंपाकघरात गेली. तुझं नाव निघालं की ती अजून भांडी घासायला घेते. घासलेलीच.

पण तुझ्या उत्तराने एक भीती गेली आणि दुसरी आली. सुरुवातीला बाबा टीव्हीवरच्या आपल्या मालिकेतली वाक्यं म्हणायचे. मग ती बंद झाली आणि मोठ्या नाटकांतली आली. आता पहिली एकांकिका. म्हणजे ते मागे मागे चाललेत, ताई. त्या एकांकिकेआधी बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी नोंदवून घ्यायचे आणि दुसरं काहीही लिहीत नव्हते. तिथे पोचले की काय बोलणार?

आणखी एक गोष्ट तुला सांगायची नव्हती. सांगते. मालिका चालू आहे. सुरुवातीच्या पाटीवर लेखक म्हणून बाबांचं नाव जातं. लिहिते मी. चॅनेलला आम्ही सांगितलंय की सरांचा घसा बसलाय, म्हणून फोनवर येत नाहीत. घसा बसलाय हे अगदीच खोटं नाही, असं मी रोज स्वतःला समजावते आणि रोज ते मला पटत नाही. चॅनेलवाले मागतात तसा गोष्टीचा ट्रॅक मी लिहिते, चहानंतर बाबांसमोर वाचते. नको असलेल्या वाक्याला ते अजून मान हलवतात आणि मी खोडते. त्यामुळे अर्धं त्यांचंच आहे, असंही मी स्वतःला समजावते.

आता चॅनेलच्या बाई घरी येणार आहेत, पुढच्या वर्षाची गोष्ट ऐकायला. सोबत दिग्दर्शक. म्हणजे आपला हिरो. बाबांच्या नाटकांत पोरगेलासा नायक होता तो, आता पोट सुटलंय, पण केस अजून तसेच मागे सारतो. गोष्ट मी वाचणार आणि बाबा शेजारी बसणार असं ठरलंय. बाबांनी भलत्या ठिकाणी भलतं वाक्य टाकलं तर? आई म्हणते, "लेखक आहेत, लोक त्याला विनोद समजतील." मला तीच भीती आहे.

तुझ्या वाक्याबद्दल मी तुझ्याशी कधीच बोलले नाही. लहान होते, पण टेबलावर होते. सासरहून बॅग घेऊन आलीस, आईने विचारलं, "परत आलीस?" आणि तू म्हणालीस, "मी परत आले नाही, मला परत पाठवलंय." बाबा ताटावरून उठून आतल्या खोलीत गेले. आपल्याला वाटलं, रडायला गेले.

मग ते वाक्य मालिकेत आलं. दुकानातल्या बायकासुद्धा हसत हसत म्हणायला लागल्या. ज्या दिवशी तुझ्यासमोर म्हणाल्या, त्या दिवशी तू गेलीस.

यावर मला काही सुचवायचं नाही. फक्त मला ते आठवतं, हे तुला माहीत असावं.

शेपूट


१२ डिसेंबर

ताई,

आधी हे, म्हणजे तू घाबरणार नाहीस: बाबा जिवंत आहेत, दवाखान्यात आहेत, आज थोडं खाल्लं. आता सांगते.

चॅनेलच्या बाई आणि हिरो आले. बाबांना आईने इस्त्रीचा सदरा घातला होता. मी वाचायला सुरुवात केली आणि बाबांनी जे काही टाकलं ते नेमकं बसत गेलं. मी म्हटलं, "इथे थोरला भाऊ घर विकायला काढतो." बाबा म्हणाले, "विका! माणसं सोडून सगळं विका!" बाई टाळी देऊन म्हणाल्या, "सर अजून फॉर्मात आहेत हं. घसा बसलाय कोण म्हणतं?" हिरो कौतुकाने म्हणाला, "बाई, हा माणूस झोपेतसुद्धा संवाद घोरतो." सगळे हसले. मीही हसले, आणि पान उलटलं.

मग बाबा म्हणाले, "दिवे घालवा रे, दिसत नाही मला."

हे तुला सांगायला नको. तिसऱ्या अंकाचा शेवट, रंगमंचावरच्या दिव्यांनी डोळे दिपलेत असं वाटणाऱ्या म्हाताऱ्या नटाचं वाक्य, सगळ्यांना पाठ. हिरो ताडकन उठला, केस मागे सारले आणि भरल्या गळ्याने म्हणाला, "दिवे तर केव्हाच गेले, आबा!" बाई टाळ्या वाजवायला लागल्या. आईच्या डोळ्यांत पाणी. हिरोने वाकून बाबांच्या पायांना हात लावला.

मी बाबांच्या हाताकडे बघत होते. कप डाव्या बाजूला होता. बाबांचा हात ट्रेवर, कपाच्या आजूबाजूला चाचपत होता. कप त्यांना लागला, कलंडला, चहा माझ्या पानांवर पसरला, आणि त्यांनी त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, "दिवे घालवा रे." पुढचं वाक्य तर मिळालं होतं, ताई. मिळाल्यावर ते कधीच पुन्हा म्हणत नाहीत.

मी माझा हात त्यांच्या डाव्या बाजूने डोळ्यांपर्यंत नेला. पापणी हलली नाही.

"थांबा," मी म्हटलं. "हे नाटकातलं नाहीये."

"म्हणजे?" बाई हसतच होत्या.

"बाबांना खरंच दिसत नाहीये. त्यांना स्वतःचं बोलता येत नाही. फक्त लिहिलेलं येतं. मालिकाही ते लिहीत नाहीत, मी लिहिते. घसा बसला नव्हता. गाडी खाली आहे ना तुमची?"

सगळं एका श्वासात. एवढे महिने जे बोलायला जीभ रेटत नव्हती, ते गाडीच्या चौकशीच्या आधी बोलून झालं.

हिरो पांढरा पडला. "अगं कार्टे, आधी बोलायचं ना!" म्हणत त्याने बाबांना खुर्चीसकट उचललं. पुढून तो, मागून मी. आई चपला शोधत राहिली, बाबांच्या. बाई पुढे धावत जाऊन ड्रायव्हरला हाका मारत होत्या.

जिन्याचा शेवटचा टप्पा आला आणि बाबा म्हणाले, "खालच्या पायरीवर पाणी आहे, जपून."

हिरो त्या एकांकिकेत होता हे मला माहीत नव्हतं. धापा टाकत, मागे पाऊल टाकत, सवयीने म्हणाला, "मला दिसतंय, काका."

आणि त्याला दिसत नव्हतं, ताई. तो उलटा उतरत होता. तळमजल्यावरच्या बाईंनी नुकतीच फरशी धुतली होती आणि पायरीवर साबणाचं पाणी होतं.

"खरंच पाणी आहे!" मी ओरडले, इतकी की बाबा दचकले. हिरोचा पाय हवेत थांबला. मग त्याने पाय चाचपत पलीकडे टाकला आणि आम्ही उतरलो. बाबांना ते पाणी दिसलं होतं, की फक्त जिना बघून वाक्य आठवलं, मला कळलेलं नाही. कधी कळेल असंही वाटत नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, नाव सांगा." बाबा म्हणाले, "ओळखपत्र घरी राहिलं, साहेब, माणूस तेवढा आणलाय." डॉक्टरांनी कागदावर 'असंबद्ध' असं काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, "असंबद्ध नाहीये. कारकुनाच्या नाटकात नाव विचारल्यावर तो हेच म्हणतो. त्यांना तुमचा प्रश्न समजलाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि लिहिलेलं खोडलं. पुन्हा गुठळी झालीय, पण लवकर आणलंत म्हणाले. डावीकडचं आता दिसणार नाही, पण बाकी वाचलं.

मला रात्री बाकावर बसून राहण्यापेक्षा सकाळची भीती जास्त वाटते. सकाळी डोळे उघडले की बाबा काय बोलणार, की काहीच नाही.

शेपूट


३ जानेवारी

ताई,

'घरी आणलं का?' एवढंच लिहिलंयस. आणलं. आणि या वेळी तू खाली सही केलीस. आईने कार्ड डब्यांच्या मागे ठेवलंय, मला दिसत नाही असं तिला वाटतं.

तू येण्याचा विचार करत असशील, असं मला वाटतंय. चुकत असेन तर हा भाग सोडून दे. पण तू येणार असशील तर एक गोष्ट आधी सांगायला हवी. ती लपवली असती तर तू लवकर आली असतीस, म्हणून लपवण्याचा मोह झाला. दोन दिवस पत्र लिहिलं नाही.

बाबांना घरी आणलं, दवाखान्याच्या माणसांनी चाकांची खुर्ची उंबऱ्यापाशी टेकवली. आई म्हणाली, "आलात परत?" आणि बाबा म्हणाले, "मी परत आले नाही, मला परत पाठवलंय."

तसंच. बाईच्या तोंडचं, तुझ्या तोंडचं. खुर्ची ढकलणारा माणूस हसला. "आजोबा मालिका बघतात वाटतं," म्हणाला. आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणीही न पिता गेला.

म्हणजे बाबा मागे मागे चाललेत ही माझी भीती खोटी ठरली. ते कुठूनही काहीही उचलतात. पण त्यापेक्षा मोठी भीती पुढे उभी आहे. तू दारात आलीस तर बाबा तुला काय म्हणणार? त्यांच्याकडे स्वतःचं काही नाही. जे आहे ते लिहिलेलं, आणि त्यात तुझ्यासाठी जे आहे ते तुझंच नेलेलं. तू एवढ्या लांबून यायचं आणि त्यांनी तेच तुझ्या तोंडावर म्हणायचं, हे मला रोज दिसतं. मी लिहिलेल्या प्रवेशांपेक्षा स्पष्ट दिसतं.

हे झालं. आता कालचं सांगते.

चॅनेलच्या बाईंचा फोन आला. मला वाटलं होतं, आपलं सगळं संपलं. तर त्या म्हणाल्या, पाटीवर सरांच्या खाली तुझंही नाव जाईल, खोटं बोललीस त्याचा राग आहे पण तो मी गिळलाय. मग म्हणाल्या, "मालिकेतली मोठी मुलगी आता घरी परत आणू या. आणि तिचं ते गाजलेलं वाक्य पुन्हा हवं. परत पाठवलंय वालं."

मी म्हटलं, "ते माझं नाही. विचारून सांगावं लागेल."

"सरांचंच आहे ना? मग घरचंच की."

"घरचंच आहे," मी म्हटलं, "म्हणून तर विचारायला हवं."

बाबा खिडकीशी बसले होते. माझ्याकडे त्यांची डावी बाजू होती, म्हणजे मी त्यांना दिसत नव्हते. ते म्हणाले, "ते तिचं होतं."

माझा हात फोनवर तसाच राहिला. क्षणभर वाटलं, बोलले. स्वतःचं बोलले. पण तुला खोटी आशा लावायची नाही, म्हणून सांगते: हे वाक्य नाटकात आहे. शिलाई मशीनच्या खटल्याचं नाटक, दुसरा अंक. न्यायाधीश मशीनकडे बघून म्हणतात, "ते तिचं होतं." मागच्या बाकावरची म्हातारी ओरडते, "मग परत द्या!" आणि न्यायाधीश हातोडा आपटतात, "पुढचा खटला." हशा. मी ते टेबलावर कितीदा वाचलंय, म्हातारी कायम माझ्याकडे असायची.

बाबांनी पुन्हा म्हटलं, "ते तिचं होतं." शीर दिसायला लागली. वाक्य पडू द्यायचं नाही. मी फोन बाजूला धरून म्हटलं, "मग परत द्या."

आता 'पुढचा खटला' यायला हवं होतं. मी त्याचीच वाट बघत होते, इतकी की ते ऐकू आल्याचा भास झाला. बाबांनी मान वळवली, पूर्ण, मी दिसेपर्यंत. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. या माणसाला मी वाक्यासाठी धडपडताना आयुष्यात कधी बघितलेलं नाही.

मग ते म्हणाले, "कसं?"

मी संहिता काढून पाहिली. त्या जागी 'कसं' नाही. पानाच्या कडेला खोडलेलंही नाही. आईला विचारलं, हिरोला फोन करून विचारलं. कुठल्याही प्रयोगात कुणी तिथे तसं म्हटलेलं नाही. तुलाही विचारते, कारण चुकीचं काही तुझ्या हाती द्यायचं नाही: तुझ्या आठवणीत कुठे आहे का?

नसेल, तर हे त्यांचं आहे. आणि याचं पुढचं वाक्य माझ्याकडे नाही. त्यांनी आजही दोनदा विचारलं. मी काहीच दिलं नाही, ते वाक्य मी पडू दिलं. शीर फुगली नाही. ते दाराकडे बघत बसून राहिले.

खालच्या बाईंना मी सांगून ठेवलंय, फरशी दुपारनंतर धुऊ नका. तरी रोज उतरून बघते. पायरी कोरडी आहे, ताई.

शेपूट